खाऊगल्लीत उचललेला हात

आई,

गेल्या महिन्यात मी ओसाकात एका माणसाला मारलं. थोबाडीत वगैरे नाही. तापलेल्या लोखंडी उलथन्याने, तोंडावर, आणि तो खाली पडल्यावरही मारत राहिले. त्याच्या गालाचं हाड मोडलं. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण हे ऐकून जराही न दचकणारं माणूस माझ्या ओळखीत तू एकटीच होतीस.

तू गेलीस तेव्हा मी पुण्यातच नोकरी करत होते. त्यानंतर कंपनीने इकडे पाठवलं, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी आता सहावीत आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण मी मराठीत विचारलं की ती उत्तर जपानीत देते. तिच्या वाढदिवसाला कुठे जायचं यावर घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी मी एक खाद्यफेरी बुक केली. म्हणजे गाईड आपल्याला जुन्या बाजारातल्या गल्ल्यांतून पायी फिरवते आणि एकेका टपरीवर थांबून तिथलं खायला घालते. नवरा हसला. "इतकी वर्षं इथे राहून टुरिस्ट लोकांची टूर घ्यायची? आपणच फिरू की." मी म्हटलं, असू दे, मला असंच फिरायचंय. का ते त्याला सांगितलं नाही.

कारण तू होतीस. माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी तू पोळीभाजी केंद्राचं शटर ओढलंस आणि म्हणालीस, "आज कुणाला डबा नाही. आज आपण दुसऱ्यांच्या हातचं खायचं." आपण मंडईपासून पायी फिरलो. तू मिसळ खाल्लीस आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस की रस्सा कालचा आहे. मग भेळ. भेळेच्या गाडीपाशी गर्दी होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात माझ्या कमरेवरून खाली गेला. मला काय होतंय ते कळायच्या आत तुला कळलं होतं. तू पायातली चप्पल काढलीस. मी अजून बघते आहे, तू त्याची कॉलर धरली आहेस आणि चप्पल वर जाते, खाली येते, त्याच्या नाकातून रक्त शर्टावर सांडतंय, लोक "बाई, पुरे, मरेल तो" म्हणताहेत आणि तुझा श्वाससुद्धा वाढलेला नाही. मग तू चप्पल खाली टाकून पायात सरकवलीस, पदर नीट केलास आणि मला विचारलंस, "मस्तानी आंब्याची घ्यायची की पिस्त्याची?" मी आंब्याची म्हटलं. ती पिताना मला तुझा इतका अभिमान वाटत होता की मी त्या दिवशी तुला बाकीचं सगळं माफ केलं.

बाकीचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. नववीत असताना मी तव्यापाशी उभी राहून पुस्तक वाचत होते आणि पोळ्या करपल्या. तू आतून आलीस. "लक्ष कुठे असतं तुझं?" एवढंच म्हणालीस, तव्यावरचं उलथनं उचललंस आणि माझ्या हाताला कोपराच्या खाली टेकवलंस. टेकवून धरलंस. मी ओरडले नाही, कारण बाहेर डबेवाला उभा होता. संध्याकाळी तूच कुंडीतली कोरफड कापून आणलीस आणि माझा हात मांडीवर घेऊन इतक्या हळुवारपणे गर लावत बसलीस की मला रडू आलं ते त्या हळुवारपणामुळे. आपण त्याबद्दल कधीच बोललो नाही. पुढेही नाही. त्यानंतरही मारलंस, लाटण्याने, पळीने, हाताने, आणि दर वेळी नंतर काहीतरी आवडीचं करून वाढलंस. घरात भांडं खाली कसं ठेवलं जातंय यावरून संध्याकाळ कशी जाणार हे मला ओळखता यायचं. ती सवय गेली नाही. ऑफिसात साहेब दार कसं लावतात ते मी अजूनही ऐकते.

त्या सवयीमुळेच फेरीत तो माणूस सगळ्यात आधी मला दिसला. गाईड माझ्याच वयाची, काटकुळी, पिवळी टोपी घातलेली. आमच्याबरोबर एक म्हातारं ऑस्ट्रेलियन जोडपं होतं, म्हणून ती इंग्रजीत बोलायची आणि मधूनच माझ्या मुलीशी जपानीत गप्पा मारायची. पहिल्या टपरीवर ऑक्टोपसचे तुकडे घातलेले गोल गोळे होते, खळगे असलेल्या तव्यात सळईने फिरवून भाजलेले. मी म्हटलं, "हे तर आपलं अप्पेपात्र." गाईडने तो शब्द विचारून घेतला आणि पुढे जाताना दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. मला ती आवडली. दुसऱ्या ठिकाणी काडीला टोचून तळलेल्या भाज्या खाताना मी पाहिलं की गल्लीच्या पलीकडे, पेयांच्या यंत्रापाशी, चांगला कोट घातलेला एक माणूस उभा आहे. पहिल्या टपरीच्या वेळीही तो होता. तो काही घेत नव्हता, फोनकडे पाहत नव्हता. गाईडनेही त्याला पाहिलं होतं. ती हसत होती, पण हसण्याचा आवाज अर्ध्या पट्टीने वर गेला होता, आणि आम्ही सगळे आहोत ना हे ती उगाचच पुन्हा पुन्हा मोजत होती.

मी नवऱ्याला म्हटलं, "तो माणूस तिच्या मागावर आहे."

"तुला सगळीकडे असलंच काहीतरी दिसतं," तो म्हणाला. "पोरीचा वाढदिवस आहे. टेन्शन घेऊ नकोस."

तिसरं दुकान ओकोनोमियाकीचं. टेबलाच्या मध्येच मोठा सपाट तवा बसवलेला असतो, त्यावर कोबी आणि पिठाचं जाड धिरडं तुमच्यासमोर भाजतात. मालकिणीने आमचं धिरडं उलटलं, मोठं उलथनं तव्याच्या कडेला ठेवलं आणि ती आत गेली. तेवढ्यात तो माणूस आत आला. घाई न करता आला, आम्हाला वाकून नमस्कार केला आणि गाईडच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"घरी चल," तो जपानीत म्हणाला. आवाज अगदी मऊ.

"मी कामावर आहे," ती म्हणाली. "हे माझे पाहुणे आहेत. आणि ते घर माझं नाही आता."

"पाहुणे," तो म्हणाला आणि माझ्या मुलीकडे पाहून हसला. "पाहुण्यांना सांग, तुझा नवरा आलाय."

ती उठायला गेली. त्याने तिचं मनगट धरलं आणि तिचा पंजा उघडा करून तव्यावर दाबला.

आई, तो आवाज. तिची किंकाळी नाही म्हणत मी, ती नंतर आली. त्याच्या आधी जो बारीक चर्र आवाज झाला तो मला ओळखीचा होता. ऑस्ट्रेलियन बाई तोंडावर हात ठेवून बसली आहे, माझा नवरा खुर्चीतून अर्धवट उठला आहे, कुणीच हलत नाही, आणि माझ्या हातात ते उलथनं आहे. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसतो. त्याची पकड सुटते. गाईड मागे कोसळते, तिचा हात तव्यापासून लांब आहे, ती सुटली आहे, हे मी स्पष्ट पाहते. मग मी दुसरा घाव त्याच्या तोंडावर घालते. तो खुर्चीसकट पडतो. मी टेबलाला वळसा घालून जाते, गुडघा त्याच्या छातीवर ठेवते आणि मारत राहते. कडेने, पात्याने, मुठीने. तो हातांनी तोंड झाकतो तर मी हातांवर मारते. काहीतरी मोडल्याचं मला हाताला जाणवतं आणि तरी मी थांबत नाही. माझा श्वास वाढलेला नव्हता, हे मला आठवतंय. कुणीतरी "यामेते, यामेते" ओरडत होतं. थांब, थांब. मला वाटलं तो माणूसच गयावया करतोय. ती माझी मुलगी होती.

नवऱ्याने मला मागून कवेत धरून उचललं तेव्हा मी थांबले.

पोलीस चौकीत एक वयस्कर अधिकारी होता. त्याने चहा दिला, माझ्या भाजलेल्या बोटांना पट्टी करवली आणि सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "पहिल्या फटक्यातच त्याचा हात सुटला होता, असं सगळेच सांगतात. तुम्हीसुद्धा. मग पुढचे कशासाठी?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याने तेच लिहिलं. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पुन्हा पुन्हा बोलावणं आलं, वकील झाला, ऑफिसात साहेबांसमोर मान खाली घालून उभी राहिले, व्हिसा जाणार की काय म्हणून नवरा झोपत नव्हता. शेवटी माझ्यावर खटला भरला नाही. तो माणूस आधीही तिला मारायचा, त्याला तिच्या जवळ जायची बंदी होती, हे निघालं. तो आता कोठडीत आहे.

गाईड परवा घरी आली. हाताला जाड पट्टी, दुसऱ्या हातात मिठाईचा खोका. दारातच कमरेत वाकून तिने आभार मानले. मी चहा केला. बराच वेळ ती हातावरच्या त्वचेबद्दल, डॉक्टर काय म्हणतात त्याबद्दल बोलली. मग निघताना बूट घालता घालता म्हणाली, "एक सांगू का? सांगू नये खरं तर. तुम्ही मला वाचवलंत. पण त्या दिवशी शेवटी शेवटी मला त्याच्यापेक्षा तुमची जास्त भीती वाटली." आणि लगेच पुन्हा वाकून माफी मागितली. मी म्हटलं, माफी कसली. मी वाकले, ती वाकली, असं आम्ही दारात कितीतरी वेळ करत राहिलो.

मी स्वतःला समजावत आले आहे की तुझ्यासारखी मी नाही. पोरीवर मी कधी हात उचललेला नाही. लहानपणी तिने दूध सांडलं, भिंती रंगवल्या, दुकानात लोळण घेतली, मी हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. मला वाटलं होतं की न मारणं एवढंच करायचं असतं, मग ते माझ्यापाशीच संपेल. मंडईतल्या त्या दिवशी मी तुझा अभिमान बाळगला, तसा तिला माझा वाटेल असंही कुठेतरी वाटलं होतं. चौकीतून घरी येताना ट्रेनमध्ये मी तिच्याकडे पाहिलं. ती बापाच्या पलीकडे बसली होती. अभिमान नव्हता, आई. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

काल संध्याकाळी मी वरच्या कपाटातला डाळीचा डबा काढायला हात वर केला. ती माझ्या शेजारी कोथिंबीर निवडत होती. माझा हात वर गेला आणि ती मागे सरली, खांदा कानाशी गेला, डोळे मिटले. एक क्षणभरच. मग तिने डोळे उघडले, काही झालंच नाही असं दाखवत पुन्हा काड्या खुडायला लागली. मीही काही झालं नाही असंच दाखवलं. डबा खाली ठेवला, अगदी आवाज न करता. रात्री तिच्या आवडीची बासुंदी केली. तिने वाटीभर खाल्ली आणि जपानीत म्हणाली, छान झालीये.

तुला विचारायचं होतं की कोरफड लावताना तुझ्या मनात काय चाललेलं असायचं. बोलावंसं वाटायचं का. जीभ कुठे अडायची. पण तू उत्तर देणार नाहीस, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी तुला लिहायला बसले. दुपार आहे, ती शेजारच्या खोलीत अभ्यास करते आहे, दार अर्धं उघडं आहे. तिच्यापाशी जाऊन बसायला मला धीर होत नाही.