पिंजाऱ्याचा आवाज गल्लीस परत मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान चेअरमनसाहेब,
सॅनिटरी कमिटी, म्युनिसिपल कचेरी,
नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश.

अर्जदार : हिंमतराव वल्लभ पाटील, बी. ए., शिक्षक, राहणार निंबगल्ली.

विषय : सलाउद्दीन पिंजारी यांस निंबगल्लीत परत आणून त्यांचा आवाज पूर्ववत सुरू करणेबाबत.

संदर्भ : याच अर्जदाराचा गेल्या वैशाखातील अर्ज. (विषय : सलाउद्दीन पिंजारी यांस निंबगल्लीतून हलवून त्यांचा आवाज कायमचा बंद करणेबाबत.)

महोदय,

१. अर्जदार हा जात्याच शांत इसम असून त्याने आजवर कोणाविरुद्ध ब्र काढलेला नाही. आपल्या दप्तरी त्याच्या नावाचे जे जाडसर बाड आहे, त्यात पाणीगाडीचे कुरकुरणारे चाक, तांबटांची ठोकाठोक, सकाळची दवंडी आणि एक कोंबडा यांविषयीचे कागद सापडतील. ते ब्र नसून विनंत्या होत. पैकी कोंबड्याविषयीची विनंती, मालकानेच तो खाल्ल्यामुळे, आपोआप निकालात निघाली आहे.

२. अर्जदाराच्या कानाची हकीकत येणेप्रमाणे. गेल्या माघात सारंगखेड्यास चुलतभावाच्या लग्नात उखळी बार उडविण्यात आले. वऱ्हाडी मंडळींनी उखळीपासून किती अंतरावर उभे राहावे, हे अर्जदार उखळीशेजारी उभा राहून समजावीत होता. तेव्हापासून त्याच्या डाव्या कानात एक रातकिडा बसला आहे. रातकिडा म्हणण्याचे कारण आवाज तसा आहे. बाकी हा प्राणी ऋतू पाळत नाही आणि दिवसपाळीही करतो. वैद्यांनी तेल घातले. डॉक्टरांनी तेल काढले. दोघांनीही कान उत्तम असल्याचा निर्वाळा दिला.

३. आत असा आवाज चालू असता बाहेरचे आवाज ऐकू येऊ नयेत, अशी कोणाचीही अपेक्षा राहील. घडले उलटेच. वाटी पाटावर ठेवली की अर्जदाराच्या मस्तकात घण पडतो. पाटीवर खडू चालला की दाढा शिवशिवतात. दर महिन्यास यात भर पडत आहे. कुटुंबाने, म्हणजे मंगलाबाई यांनी, भांड्यांखाली जुनी धोतरे अंथरली आणि बांगड्यांस सूत गुंडाळले. पापड मात्र सूत गुंडाळून खाता येत नाही. सबब त्या पापड पदराखाली घेऊन भिंतीपलीकडे हाजराबी यांच्या ओसरीवर जात, तेथे मोडून खात आणि तोंड पुसून परत येत.

४. हाजराबी या सदर सलाउद्दीन यांचे कुटुंब. सलाउद्दीन यांचे पिंजण, म्हणजे कापूस पिंजण्याचे धनुष्य, अर्जदाराच्या भिंतीस लागूनच चाले. कापसात त्याची ताणलेली तात घालून ते ठोका मारीत, तात घुमे, आणि तो घुमारा सकाळपासून दिवे लागेपर्यंत भिंतीतून येई. कानातील आवाज याच तातीचा असावा, पिंजारी गेला की कानही थांबेल, असा अर्जदाराने तर्क केला. तो बी. ए. ला लॉजिक घेऊन पास झालेला आहे. वैशाखातील अर्जात त्याने या घुमाऱ्यास 'असह्य' म्हटले. त्याच काळात अर्जदार दुपारी त्या घुमाऱ्यात घोरत असे, असे कुटुंबाचे म्हणणे आहे. घोरण्याचा उल्लेख अर्जात राहून गेला.

५. कमिटीने अर्जाची दखल घेऊन सलाउद्दीन यांस स्टेशनच्या वाटेवर मोकळी जागा नेमून दिली. याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही, हीच त्याची तक्रार आहे. गल्ली शांत झाली. इतकी शांत झाली, की रातकिड्यास मैदान मोकळे मिळाले. तोवर तातीच्या घुमाऱ्यात तो बुडून गेला होता, हे तेव्हा उमगले. आता अर्जदारास झोप नाही. डोळा न लागलेल्या माणसाने वर्ग कसा घ्यावा? परवा त्याने मराठी तिसरीस 'गप्प बसा' म्हणून दरडावले. वर्ग गप्पच होता. हेडमास्तरांनी त्यास घरी बसून बरे व्हावे, बरे न झाल्यास घरीच बसावे, असे प्रेमाने सुचविले आहे.

६. अर्जदाराने स्वतः उपाय केले नाहीत असे नाही. तो पिठाच्या गिरणीत जाऊन बसला. पट्टा फटफटू लागताच उठला. स्टेशनावर उभ्या इंजिनाच्या वाफेने गुण आला, परंतु गाडी खांडबाऱ्याकडे निघून गेली. अखेर त्याने एक जुने पिंजण विकत आणून घरात टांगले आणि स्वतः तात छेडू लागला. पहिल्याच दिवशी शेजारी रूपचंद शेठ आपली गादी पिंजण्यास टाकून गेले. तिच्या कापसाच्या गाठी झाल्या. त्या आजतागायत सुटलेल्या नाहीत.

७. दरम्यान गल्लीस शांततेची चटक लागली आहे. गाठींच्या गादीवर एक रात्र काढून रूपचंद शेठ अर्जदाराकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमना हात चांगला शे. तुमनावरच एक अर्ज लिखी द्या." गल्लीचे सर्व अर्ज अर्जदारच लिहितो, या एकासच नाही म्हणणे पक्षपाताचे झाले असते. त्याने तो मन लावून लिहिला. 'असह्य' हा शब्द पुन्हा वापरला. त्यावरून आपली नोटीस आली ती वाजवी असून अर्जदाराने पिंजण खाली उतरविले आहे.

८. घरात याहून कठीण आहे. मंगलाबाई यांचे एकच वाक्य रोज ताटाबरोबर येते : "आते पापड खावाले मी टेसन लगून जाऊ का?" त्या गेल्या आठवड्यापासून खरोखरच जातात, आणि परत यायला उशीर करतात.

९. सबब अर्जदार मान खाली घालून सलाउद्दीन यांच्या नव्या जागी गेला. त्यांनी खाट पुढे सरकवली आणि विचारले, "तुमीच धाडं ना माले आठे? आते तुमीच बलाई ऱ्हायनात?" अर्जदाराने हो म्हटले. आतून हाजराबी म्हणाल्या, "पहिला अर्जमा मन्हा घरले गोंगाट म्हना व्हता. आते दुसरा अर्जमा चांगलं लिखा, मंग दखू." त्याप्रमाणे येथे लिहून देण्यात येते की, सदर घरातून निघणारा आवाज गोड, नियमित व सार्वजनिक आरोग्यास हितकारक असून, त्यावाचून एका शिक्षकाची नोकरी, झोप व संसार ही तिन्ही धोक्यात आहेत.

१०. तरी वैशाखातील हुकूम रद्द करून सलाउद्दीन यांस मूळ जागी येण्याची परवानगी मिळावी. बिऱ्हाड हलविण्याचा खर्च अर्जदार सोसेल. भांड्यांची ने-आण मात्र कमिटीने अर्जदार घरी नसताना करवावी.

कळावे.
आपला नम्र, व तूर्त उजव्या कानाने सेवेस हजर,
हिंमतराव वल्लभ पाटील
नंदुरबार, ता. १४ जुलै १९३८

ता. क. : वरील अर्ज दाखल करण्यापूर्वी सलाउद्दीन यांस वाचून दाखविला. नववे कलम हाजराबी यांनी दोनदा वाचून घेतले व पसंत केले. परत येण्यास दोघेही राजी आहेत. सलाउद्दीन यांनी इतकेच सांगितले : "येसूत, मास्तर. पन आते आखाड शे ना. कापूस वला, तात ढिली." पावसाळ्यात पिंजण चालत नाही. ते दरवर्षी दिवाळीपर्यंत बंदच असते.