शनिवारची काचपट्टी

बाई, परवा कर्वेनगरात, आपल्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या उजव्या डोळ्याचा नमुना घेतला. काल सकाळी मी चहा गाळत असताना त्यांचा फोन आला. "आजोबा, विषाणूच आहे. आधीचे थेंब बंद, नवे आत्ताच सुरू करा. कागद मागाहून मिळेल." कागद मागाहून! आपल्या प्रयोगशाळेत हा नियम प्रमुख म्हणून आपणच केला होता. तो का करावा लागला, हे मात्र आपल्याला पुरते ठाऊक नव्हते. म्हणून हे लिहीत आहे.

नियम होण्याआधीच्या त्या शुक्रवारी आपण मला सर्वांदेखत बोललात. एका रुग्णाच्या रक्ताचा निष्कर्ष मी जिन्यात वॉर्डच्या डॉक्टरांना तोंडी सांगितला होता आणि तो भलत्याच रुग्णाच्या नावावर चढला होता. "तुम्ही प्रयोगशाळेत आहात की पारावर?" आपण विचारलेत. "या खोलीतून माझ्या सहीचा कागद बाहेर जाईल, तुमची जीभ नाही." शिपाई हसला. ज्याच्या वाक्यात शाळेपासून कोणाला काना-मात्रेची चूक सापडली नव्हती, त्या माझे कान तापले. आपले म्हणणे रास्त होते. त्यामुळे ते अधिकच लागले.

शनिवारी काम अर्धा दिवस असे. आपण बाराला घरी गेलात. एकच्या सुमारास मी लोणी काळभोरच्या एका शेतकरी बाईची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. तिच्या बुबुळावरच्या व्रणातून खरवडून घेतलेल्या पेशी रंगवल्यावर स्वच्छ दिसतात : फुगलेल्या, एकेकीत अनेक केंद्रके दाटलेली. विषाणूची खूण. पुन्हा पाहण्याची गरज नाही. वॉर्डात तिला सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे थेंब घालत आहेत आणि त्या थेंबांनी हा विषाणू फोफावतो, हेही मला माहीत आहे. तेवढ्यात खिडकीशी तिचा नवरा येतो.

"सायेब, कागद झाला का? लई ठणकतंय तिला."

"सोमवारी. पाटीवर लिहिलेले आहे. वाचता येते ना?"

"न्हाय येत," तो म्हणाला, आणि तरीही पाटीकडे बघत उभा राहिला.

मी काचपट्टी पेटीत ठेवली. वॉर्ड एक जिना वर होता. आपले घर सायकलने अर्ध्या तासावर. बाईंना कागदच हवा ना, मग मिळेल कागद, असे मनाशी म्हणत मी खोलीला कुलूप लावले. नियम मी पाळला, पण तो आपल्याला झोंबावा म्हणून पाळला.

सोमवारी आपली सही होऊन अहवाल वर गेला, तेव्हा बुबुळाला भोक पडले होते. बुधवारी डोळा काढला. आपण मला विचारलेत, "शनिवारी पाहून झाले नव्हते ना?" मी म्हणालो, "नाही बाई. सोमवारी सकाळीच पाहिले." आपण विश्वास ठेवलात, अहवालात 'वाटते' हा शब्दसुद्धा खपवून न घेणाऱ्या आपण! मग वॉर्डात जाऊन तिच्या नवऱ्याला म्हणालात, "उशीर माझ्या खोलीत झाला. चूक माझी." मी आपल्या मागे उभा होतो. त्याने आपल्याला हात जोडले. अर्धा चेहरा बँडेजमध्ये गुंडाळलेली ती बाई एवढेच म्हणाली, "दुसरा हाय ना अजून."

त्याच आठवड्यात नियम बदलला : डोळ्याचा निष्कर्ष आधी फोनवर, कागद मागाहून. पुढे निवृत्त होताना आपण सहीचा अधिकार मला दिलात. "न पाहिलेले तुम्ही कधी लिहिणार नाही," असे म्हणालात. ते खरे ठरले. पाहिलेले मात्र मी त्या शनिवारी लिहिले नव्हते.

हे सांगायला आपल्या हयातीत मी कर्वेनगरला किती वेळा आलो! प्रत्येक वेळी चहा झाला, कोणाकोणाच्या अहवालांतील ढिसाळ वाक्यांवर हसणे झाले, आणि मी परतलो. माझा डोळा आता निवळेल. हा कागद टपालात पडणार नाही. पण त्यावर अर्धवट नोंद राहू नये.

त्या शनिवारी मी सायकल काढली होती, बाई. आपल्याकडेच यायला निघालो होतो. मंडईपर्यंत आलो. तेथे वांगी बरी दिसली. ती घेतली आणि घरी गेलो.