झालं का तुझं, मामा?

ती. मामास,

साष्टांग नमस्कार (वाकता येत नाही, तेव्हा लेखीच मान्य करून घे). गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की बाटली खिडकीत ठेवून नुसता तिच्याकडे बघतोस? इकडे सगळं मजेत. पोट इतकं पुढे आलंय की कीबोर्डपर्यंत हात पोचवायला तिरकं बसावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढच्या महिन्यात कधीही. त्याआधी मागची खोली बाळासाठी रिकामी करायची आहे. पण मी आधी ऑफिसचंच पुराण लावणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

माझं काम तुला ठाऊक आहेच (नाही, "कॉम्प्युटर दुरुस्त करते" हे नव्हे). कॉम्प्युटरच्या आत कर्नल नावाचा एक कारभारी असतो, तो सगळ्या प्रोग्रॅमना जागा आणि पाळी वाटून देतो. त्याच्याकडच्या एका यादीला कुलूप होतं. एक जण आत, बाकीचे दाराशी, थोडक्यात आमचं बाथरूम (तुझा जावई आत गातो आणि मी बाहेर पाय आपटते). मी म्हटलं, यादी नुसती वाचणाऱ्या प्रोग्रॅमना कुलूप कशाला? बदल करायचा तर नवी यादी लिहावी, जुनीच्या जागी ठेवावी आणि जुनीची जागा मोकळी करून टाकावी. काढलं कुलूप. मशीन असं सुसाट सुटलं की मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

मग साहेबांनी ते कौतुकाने बाहेरच्या मंडळींना दाखवायला घेतलं आणि सगळ्यांसमक्ष मशीन आडवं झालं. कोणीतरी जुनी यादी अजून वाचत होतं, आणि मी तिची जागा दुसऱ्याला देऊन बसले होते. अर्धवट जेवलेल्याचं ताट ओढून त्यातच दुसऱ्याला वाढावं, तसा प्रकार. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, म्हणून मी बघितलाच.

दुरुस्ती सोपी होती. नव्यांना नवी यादी द्यायची, आणि जुनी वाचणारा प्रत्येक जण "झालं माझं" म्हणेपर्यंत जुनी टाकायची नाही. अट एकच, वाचता वाचता झोपायचं नाही. तर एक पठ्ठ्या झोपला (त्याला झोपवणारी कोडमधली ओळ माझीच, पण हे साहेबांना बरंच उशिरा कळलं). तो "झालं" म्हणेना, जुन्या याद्यांचा ढीग वाढत गेला, मेमरी भरली आणि मशीन पुन्हा आडवं. मी इतकी हसले की साहेबांना वाटलं कळा सुरू झाल्या. त्यांनी घाबरून टॅक्सी बोलावली. टॅक्सीत बसून मी ती ओळ नीट केली. आता सगळं सुरळीत आहे आणि मला सक्तीची रजा आहे.

बोटं सुजली, इथेच थांबते.

तुझी भाची

ता. क. मागच्या खोलीत तुझ्या जुन्या रेडिओंचा खोका आहे. रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद केलंस तेव्हा "टाकू नकोस, माझं बघून व्हायचंय" म्हणून ठेवून गेलास. पाळण्याची जागा नेमकी तीच. मामा, तू बघतोयस की झोपलायस? "झालं" एवढं कळव, म्हणजे भंगारवाल्याला देऊन टाकते.

ता. क. पुन्हा. खोक्यात काय काय आहे ते पाहायला उघडला. जावयाने वरचा रेडिओ सहज लावून बघितला, तर लागला. तेव्हापासून आम्ही दोघं जमिनीवर बसून ऐकतोय आणि बाळ आतून लाथा मारतंय. आता आमचंच ऐकून व्हायचंय, त्यामुळे टाकता येत नाही. पाळणा हॉलमध्ये लावलाय. आवाज मधूनच खरखरतो, तेवढ्यासाठी तरी ये, आणि राहायच्या तयारीने ये. खरं सांगते, मला बाळंतपणाची खूप भीती वाटतेय, आणि तेव्हा तू जवळ हवास.