पाहुण्यांचे कप

प्रिय आईला, कैरोहून निस्रीनचा सलाम.

घर एकदाचं मनासारखं लागलं. पलंगाखाली सुताराकडून खण करून घेतले, त्यात रजया गेल्या. सोफ्याच्या पोटात डाळ-तांदूळ. आता चालताना गुडघे आपटत नाहीत.

रागावू नकोस, पण तू लग्नात दिलेलं काचेचं कपाट बैठकीची भिंत अडवत होतं. ते स्वयंपाकघरात नेलं, आणि त्यातले बारा कप रोजच्या वापराला काढले. शेजारीण म्हणाली, "अगं, पाहुण्यांना दाखवायचे कप रोज वापरतेस? आईला कळलं तर चक्कर येईल तिला!"

एक फुटला, लपवत नाही. उरलेल्या अकरांत रोज चहा होतो, आणि तुझी आठवण निघते.

बाबांचा खोकला थांबला का? आणि आई, तीस वर्षांत तुझ्या घरच्या काचेच्या कपाटातल्या कपात तू एकदा तरी चहा प्यायलीस का गं?

तुझीच,
निस्रीन