लाभाची रेघ

मंगळ. ३ फेब्रु., शेंद्रा
आणि मी कुठं खोटं बोललो? लाभ काय आकडा हाय व्हय? आईनं फोनवर आज पुन्हा तेच काढलं. "तुझ्या बापाला औंदा बी कुणी कडबा मोजायला बोलावलं नाय." मग मी काय करू? सहा वर्षं झाली. सात रेघा व्हत्या, सात सांगितल्या. अप्पा फोनवर आलेच नायत. नेहमीचंच.

गुरु. ५
डोक्यातून जात नाय. लिहून टाकतो.
तवा गावातल्या ईठलकाकाचा कडबा एका व्यापाऱ्याला इकला व्हता. शेतातून बैलगाडीनं आणायचा, रस्त्यावरच्या ट्रकात रचायचा. एका गाडीत सव्वाशे पेंढ्या. अप्पा तोंडानं मोजणार, मी वहीत गाडीमागं एक रेघ ओढणार. अप्पांना अक्षर येत नाय, पण सव्वाशेची मोजणी गाण्यासारखी. पहिल्या गाडीला "लाभ" म्हणले, पहिल्या मापाला आकडा म्हणायचा नसतो आमच्यात. मग अडीचशे, पावणेचारशे, पाचशे. सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे, हजार.
लाभाला मी रेघ ओढली नाय.
अप्पा म्हणले, हजार. मी सगळ्यांदेखत म्हणलो, नाय, गाड्या सातच. पावणेनऊशे. व्यापारी हसला. "पोरगं शिकलेलं हाय, म्हातारबा." सातवी नापास मी, पण छाती फुगली. त्यानं पावणेनऊशेचेच पैसे मोजले न् ट्रक हलवला. अप्पा एवढंच म्हणले, "चार गाड्यांचा एक थर. दोन थर पुरे भरलेत. आकडा पावण्यावर कसा थांबंल?"
मी म्हणलो, गप बसा, तुम्हाला काय कळतं.
राहिलेल्या सव्वाशे पेंढ्यांचे अडीच हजार अप्पांनी ईठलकाकाला पदरचे दिले. तवापासून त्यांच्या मोजणीवर गावाचा इश्वास नाय. न् माझ्याशी त्यांचं बोलणं नाय.

सोम. ९
आज कंपनीत ट्रक भरताना मोजणी रफीकभाईंची, रेघा माझ्या. रफीकभाई छावणीचे, दाढी पांढरी, आमचे मुकादम. रबरी रिंगांची खोकी, खोक्यात सव्वाशे पाकिटं. पहिल्या खोक्याला म्हणले "बरकत". मग "ढाई सौ, पौने चार सौ, पाँच सौ…" पार हजारापर्यंत.
माझ्या रेघा सात. कागदावर लिहिलं ८७५.
त्यांनी कागद बघितला, मग खोकी. "अबे ओ मास्टर, नीचे चार, ऊपर चार. थर पूरा भरेला है, तेरा आकडा पौने पे कैसा रुका?"
तेच शब्द.
एकेका खोक्याला हात लावून मोजलं. आठ.
इथं खोकी समोर व्हती. तिथं ट्रक निघून गेला व्हता.

मंगळ. १०
जेवणाच्या सुट्टीत वहीत चार-चारच्या ओळी लिहिल्या. सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे. खाली सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे, हजार. खाली सव्वाअकराशे, साडेबाराशे, पावणेचौदाशे, दीड हजार. पाच हजारापर्यंत गेलो. तिसरा दरवेळी पावणे, चौथा दरवेळी पुरा. एकदा बी चुकत नाय. अप्पांनी हे न लिहिता धरलं व्हतं, नुसता थर बघून.
आणि एक. हे कुणाला सांगितलं नाय. त्या कडब्याच्या दिवशीच गाडीवाला मला म्हणला व्हता, "आठ खेपा झाल्या बाबा, बैल लई दमले." ऐकलं व्हतं मी. ऐकून गप बसलो.

रवि. १५
गुलमंडीच्या बाजारात गेलो. अप्पांसाठी टोपी घ्यावी म्हणलं. दुकानदारानं विचारलं, "डोक्याचं माप?" माहीत नाय. तसाच परत आलो.
आईला फोन. "अप्पांना सांग, आठ व्हत्या." आईनं तिकडं तोंड करून सांगितलं. मग लांबून अप्पांचा आवाज, "मला काय सांगतो? मला ठावं हाय. गावाला सांग म्हणावं."
सहा वर्षांनी आवाज ऐकला. बसलाय जरा.

मंगळ. १७
रफीकभाईंकडं सुट्टी मागितली. "कितने दिन?" दोन म्हणलो. कशाला ते बी सांगितलं. म्हणले, "दो दिन तो तेरा मुँह खुलने को लगेंगे. चार ले." घेतली चार. गाडीचं तिकीट अजून काढलं नाय. गावच्या पारावर उभं राहून पहिला शब्द काय बोलायचा तेच…
आधी अप्पांचे पदरचे गेलेले पैसे धाडावेत म्हणून नाक्यावरच्या पैसे पाठवायच्या दुकानात गेलो. पाचशेच्या नोटा, एकेक करून ठेवल्या, मोठ्यानं. लाभ. हजार. दीड हजार. दोन हजार. दुकानदार म्हणला, "पहिली धरली का?"
"धरली."
अडीच हजार.