गोळीबाराच्या नोंदी आणि मामांचा गुडघा

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घातलाय, गोड मानून घ्या).

गुडघा काय म्हणतो? मामी सांगतात, जिना चढताना तो कुरकुरतो आणि उतरताना तुम्ही. तेल लावत जा. इकडे माझा प्रबंध सोडून सगळं ठीक आहे. पोलिसांच्या गोळीने माणसं कुठे, कशी गेली, हा माझा विषय. तुम्ही उभी हयात पोलिसात काढलीत, आणि विषय ऐकताच भरल्या ताटावरून उठलात (भूक नाही म्हणालात), हे मी विसरलेले नाही. पण मार्गदर्शक बाईंना तो आवडला आणि मी अडकले.

आधी पोलीस मुख्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी (माणूस भला, चहा पाजला) जाडजूड फाईल काढून दिली. मी हरखले. उघडून पाहते तो आत सगळी वर्तमानपत्रांची कात्रणं! मग वर्तमानपत्राची कचेरी गाठली. संपादक म्हणाले, "आम्ही काय, पोलीस सांगतात ते छापतो." म्हणजे हे त्यांचं बघून लिहिणार नि ते यांचं, शाळेत असं केलं की पेपर काढून घ्यायचे. शेवटी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये चौकशीचे अहवाल सापडले. धुळीने इतकी शिंकले की कारकुनाने स्वतःचा रुमाल देऊ केला (घेतला नाही, रुमालाची अवस्था अहवालांसारखीच होती). पण प्रत्येक अहवालात तेच वाक्य: 'स्वसंरक्षणार्थ नाइलाजाने गोळी झाडली.' माणूस बदलतो, गल्ली बदलते, वाक्य जागचं हलत नाही. बाई म्हणतात, त्या वाक्यामागच्या एका तरी माणसाला बोलतं कर, नाहीतर प्रबंध परत. गेलेल्यांच्या घरचे बोलले, मामा, रडत रडत बोलले. गोळी झाडणारं कुणी बोलत नाही. तरी मी धीर सोडलेला नाही, हट्टीपणा आजोळचाच आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
नसत्या उठाठेवी करणारी भाची

ता. क. घरात हा विषय काढायची बंदी आहे, पण तुमच्याही हातून एकदा गोळी सुटली आणि एक माणूस गेला, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. अहवालात तुमचंही तेच वाक्य आहे. मला ते नको, तुमचं स्वतःचं हवंय. नाही म्हणालात तरी रागावणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच मामींचा फोन आला. भीत भीत सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नाही. ये तू." म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा! रविवारी येतेय. तेल मी आणते, गुडघाही चोळून देते. फक्त ताटावरून उठायचं नाही.