व्हिलनच्या एन्ट्रीचा आवाज

करडी, मंगळवार संध्याकाळ

ऐंशीच्या दशकातील इंग्रजी सिंथ-पॉपवर, म्हणजे सिंथेसायझरवरच्या गाण्यांवर, मी लिहावे, हे धाडसच. त्याबद्दल आधी क्षमा मागते, कुणाची ते ठाऊक नाही. पुण्याच्या मासिकासाठी लेख तयार होता, पण पाठवण्याचे धैर्य नव्हते. ते संगीत माझे कुठे? मी ते गेल्या वर्षी मोबाइलवर प्रथम ऐकले.

की प्रथम नव्हे?

आज मामांना एक गाणे ऐकवले. ते पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत की-बोर्ड वाजवतात. सुरुवातीचा तो थंड, यंत्रातून आलेला स्वर लागताच हसले.

"हा तं आपला व्हिलनच्या एन्ट्रीचा आवाज हाय. कवापासून वाजवून राहिलो."

"मामा, हे प्रेमगीत आहे."

"मंग त्यातली पोरगी भेत कशी नाही व?"

खरेच, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात त्याच थंड स्वराला घाबरून मी आईच्या पदरात तोंड लपवत असे. म्हणजे अक्षरओळख होण्याआधीच तो माझ्या कानांत होता.

लेखातील 'परके संगीत' हे शब्द खोडले, मंडईचा परिच्छेद घातला. किती मोकळे वाटते आहे. हसतील तर हसोत.

पाठवला: १८ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटे.